कलेक्टरीण आणि माझा सायलेन्सर

माझ्या दुकानात कोणी सायलेन्सर बदलायला आलं की मी पहिला प्रश्न विचारते, घरी म्हैस आहे का? पोरं एकमेकांकडे बघून हसतात. एकाने मागे विचारलं होतं, "काकू, म्हशीचा काय संबंध?" मी त्याला म्हटलं, असेल तर आधी तिला विचारून ये. पेठ रोडला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारी, पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारी बाई थोडी सटकलेली असणार, असं समजून पोरं पुढे वाद घालत नाहीत. सटकलेली असेनही. पण हा प्रश्न मी स्वतःच्या हाताने शिकलेली आहे, आणि त्या शिक्षणापायी माझी गाडी माझ्या हातून जवळजवळ गेलीच होती.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या काठाला. समोर गोठा, गोठ्याला लागून झेंडू आणि शेवंती, मागच्या बाजूला कोबी आणि कोथिंबीर. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याकडे कोणी बघत नसे. आमचं खरं घड्याळ म्हणजे आण्णांची मोटारसायकल. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची शंभर सीसीची काळी गाडी फुलबाजारात झेंडूचे क्रेट नेण्यासाठीच जन्माला आल्यासारखी दिसायची. मागे लोखंडी कॅरियर, बाजूला साडी गार्ड, हँडलला रबरी गोंडे. एकदा सुरगाण्याला लग्नाला जाताना पेठच्या घाटात एका जीपने गाडी कडेला दाबली म्हणून आण्णा गाडीसह दगडावर आपटले. आण्णांना काही झालं नाही, सायलेन्सरला मात्र मोठा पोचा पडला आणि आतली जाळी सुटली. तेव्हापासून गाडीचा आवाज फट-फट-फट-खुळ्ळ असा यायचा. तो कालव्याच्या पुलावर आला की आई तव्यावर भाकरी टाकायची, कुत्रा फाटकाशी जाऊन शेपूट हलवायचा, आणि जिजी चरवी घेऊन गोठ्याकडे निघायची. आण्णा हातपाय धुऊन बसेपर्यंत ताटात गरम भाकरी, मेथीची भाजी, लसणाचा ठेचा आणि वाटीत साय धरलेलं दूध आलेलं असायचं. हे सगळं इतकं सुरळीत चालायचं की ते गाडीच्या आवाजावर चालतंय हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

जिजी म्हणजे आण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. लग्न होऊन वर्षभरात ती सासरहून परत आली. सासर पसंत पडलं नाही, एवढंच कारण तिने सांगितलं, आणि त्यापुढे विचारायची कोणाची छाती झाली नाही. गोठ्यावर तिचं राज्य होतं. आमच्या म्हशीचं नाव कलेक्टरीण. तेही जिजीनेच ठेवलेलं, कारण म्हैस नुसती उभी राहून सगळ्यांकडे बघायची आणि मनात येईल तेव्हाच काम करायची. कलेक्टरीणचं रेडकू दगावलं तेव्हा सगळे म्हणाले, आता ही आटली. रेडकाशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. पण कलेक्टरीणने सोडला. जिजी कासेखाली बसली, दोनदा थोपटलं, की धार सुरू. आसपासच्या मळ्यांतल्या बायका बघायला यायच्या. जिजी हात पुढे करून दाखवायची आणि म्हणायची, "हाताला गुण असावा लागतो, बाई." त्या हाताचा तिला केवढा अभिमान. जन्मात तिला कोणी चांगलं म्हटलं ते या एका हातामुळे, असं मला आता वाटतं. तेव्हा मी फक्त वैतागायचे, कारण पाहुणे आले की तो हात मलाही पुनःपुन्हा बघावा लागायचा.

मी कॉलेजला जायला लागले त्या सुमारास आण्णांनी जुना टेम्पो घेतला आणि मोटारसायकल माझ्याकडे आली. आमच्या भागात मोटारसायकलवर कॉलेजला जाणारी मुलगी म्हणजे वर्तमानपत्रात यायची गोष्ट होती, पण आण्णांना मुलगा नव्हता आणि बसची वाट बघायचा धीर मला नव्हता. सकाळी मी गाडी पुसायचे, चोक ओढून तापत ठेवायचे. तेव्हाच जिजी धार काढायला बसायची. संध्याकाळी परत येताना भाजीबाजारातून कोबीचा पाला पोत्यात भरून आणायचे, तेव्हा दुसरी धार. कॉलेजच्या पार्किंगमध्ये मात्र माझी गाडी उभी राहिली की मुलं विचारायची, "आज मेथी काय भाव?" कोणी कॅरियरवर गड्डी ठेवून जायचं. माझ्यासारख्या चिडक्या मुलीला एवढं पुरेसं होतं. दसऱ्याला मी पहाटेपासून झेंडूच्या माळा ओवल्या, त्यातला माझा वाटा आण्णांकडून हक्काने घेतला, आणि मालेगाव स्टँडजवळ बबन मिस्त्रीच्या गॅरेजात गेले.

बबन मिस्त्री गाडीकडे अशा नजरेने बघायचा की गाडीलाच आपली लाज वाटावी. त्याने तिच्याभोवती फेरी मारली, साडी गार्डला बोट लावलं आणि म्हणाला, "ताई, ही गाडी हाय का भाजीचा ठेला? पण टेन्शन नाय घ्यायचं. बॉडी चांगली हाय. आपण एकदम स्पोर्टी करून टाकू." त्याने हँडल काढून खाली झुकलेलं आखूड हँडल बसवलं. कॅरियर गेला, साडी गार्ड गेला, मागचा मडगार्ड अर्धा कापला. मागे रुंद टायर आला, तो साखळीला घासत होता, पण मिस्त्री म्हणाला रुळेल. टाकीखाली निळा दिवा लागला. शेवटी त्याने एका फडक्यातून चकचकीत, आखूड, तोंड वर केलेला सायलेन्सर काढला आणि लहान बाळ द्यावं तसा माझ्या हातात दिला. "याचा साऊंड लय कडक हाय. त्र्यंबकला गाडी चालू केली तर इथं पंचवटीत लोक मागं वळून बघतील." जुने भाग त्याने बदल्यात ठेवून घेतले. तो पोचा पडलेला सायलेन्सर कोपऱ्यात फेकताना खुळ्ळ वाजला. मी मागे वळूनही पाहिलं नाही. (आता माझ्या दुकानात मी असले सायलेन्सर ठेवत नाही. पोलीस ते जप्त करतात आणि रोलरखाली चिरडतात, आणि बरं करतात. पण त्या दिवशी गाडीवर बसून मी पहिला गिअर टाकला तेव्हा पंचवटीतल्या सगळ्या कबुतरांनी एकदम उड्डाण केलं, आणि माझ्या छातीत जे काही झालं ते पुढे लग्नातसुद्धा झालं नाही. हे आमच्या ह्यांना माहीत आहे.)

घरी पोचले तर आण्णा पाणी भरायचं सोडून धावत आले. त्यांना वाटलं विहिरीवरची मोटर फुटली. गाडी त्यांनी मागून-पुढून बघितली. मग म्हणाले, "मंगल, निम्मी गाडी कुठं पडली?" आईला एकच प्रश्न पडला होता, "आता मी बसू कुठं आणि साडी अडकवू कुठं?" मी म्हटलं, ही स्पोर्टी गाडी आहे, हिच्यावर मागे कोणी बसत नाही. जिजी मात्र पदर खोचून गाडीजवळ आली, टाकीखालचा निळा दिवा वाकून बघितला आणि म्हणाली, "गणपतीच्या मखरावाणी दिसती. चांगली हाय." लगेच तिने गाडीला लिंबू-मिरची बांधली आणि मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. आण्णा म्हणाले, या गाडीला दृष्ट लावायला माणूस आंधळा पाहिजे.

त्या संध्याकाळी कलेक्टरीणने पान्हा चोरला. जिजी बसली, थोपटलं, चुचकारलं, पण म्हैस नुसती कालव्याकडे बघत उभी. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच, संध्याकाळी तेच. चरवीत कसंबसं तळ झाकेल एवढं दूध. जिजीने मग म्हशीचीही दृष्ट काढली. शिंगाला काळा दोरा बांधला. आंबोणात गूळ घातला, मेथ्या घातल्या, शेवटी कुठल्याशा देवाचा अंगारा घातला. कलेक्टरीणने सगळं खाल्लं आणि पुन्हा कालव्याकडे बघत उभी राहिली. घरात कोरा चहा सुरू झाला. आण्णांना रात्री दही लागायचं, ते नसलं की त्यांचा स्वभाव आंबायचा. शेजारच्या दोन घरांचा रतीब बंद पडला. आणि शेजारच्या बायका आता वेगळ्याच कारणाने जिजीचा हात बघायला येऊ लागल्या.

आण्णांनी पहिल्या दिवसापासून गाडीलाच दोष दिला. पण अडचण अशी की ते प्रत्येक गोष्टीचा दोष गाडीलाच देत होते. शेवंतीवर मावा पडला, गाडीमुळे. कोंबडी अंडी घालेना, गाडीमुळे. पाहुणे आले नाहीत, गाडीमुळे. त्यामुळे म्हैस गाडीमुळे आटली हे म्हटल्यावर कोणी लक्षच दिलं नाही. कोणी दिलं असेल तर ते जिजीने, आणि ती भडकली. "म्हंजे इतकी वर्सं ती गाडीला दूध देत व्हती का? माझा हात काय नुसता शोभेला व्हता? लय शहाणा हायस, नामा." आण्णा म्हणाले, "आक्का, त्या ढणढणाटाला घाबरली ती." जिजी म्हणाली, "कलेक्टरीण ढोलाला घाबरली नाय, फटाक्याला घाबरली नाय, ती मंगलच्या गाडीला घाबरंल?" अशी जिजी माझ्या गाडीची वकील झाली. गाडी निर्दोष असेल तरच तिच्या हाताचा गुण खरा ठरत होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं तिला माझ्या गाडीचा आवाज आवडतो. शेवटी आण्णांनी फर्मान काढलं. रविवारपर्यंत दूध परत आलं नाही तर गाडी विकायची, मंगलने बसने कॉलेजला जायचं. आण्णा क्वचित चिडायचे, पण चिडले की दिलेला शब्द परत घेत नसत. मला रडू कोसळलं. गाडी गेली तर मी पुन्हा ती मेथीची गड्डी असलेली मुलगी होणार होते, आणि तीही बसमध्ये उभी राहून.

जिजीने मग शेवटचा उपाय म्हणून गुरांच्या डॉक्टरला बोलवायला सांगितलं. दिंडोरी रोडच्या बाजूला दवाखाना होता, तिथे नवीन डॉक्टर आला होता, सटाण्याकडचा, उंच आणि हडकुळा. मी गाडी घेऊन दारात उभी राहिले तर तो बाहेर येऊन म्हणाला, "आधी ते बंद करा. आत बैल आहे." एका बैलाच्या खुराची जखम धुणं चाललं होतं. ते आटपून संध्याकाळी येतो म्हणाला. मी पाला घेऊन घरी आले आणि हौदावर तोंड धुवत बसले. थोड्या वेळाने डॉक्टर आला. त्याने गोठ्याच्या दाराशी बूट काढले. म्हशीला हात लावायच्या आधी तिच्यासमोर उभा राहिला आणि आपल्या अहिराणीत तिची विचारपूस केली, "कशी शे वं माय?" मग तिच्या पाठीवर हात ठेवला. जिजी चरवी घेऊन बसली आणि धार सुरू झाली, चरवीत फेस चढेपर्यंत. आम्ही सगळे बघतच राहिलो. डॉक्टरने तर अजून औषधाची पेटीही उघडली नव्हती. तो स्वतःच गोंधळला होता, पण तसं दाखवणं त्याला परवडणारं नव्हतं. "मिनरल मिक्श्चर देतो," तो म्हणाला. "पान्ह्याचं इंजेक्शन मी देत नाही, त्याला बंदी आहे." आई तोपर्यंत तव्यावर भाकऱ्या टाकून बसली होती. का टाकल्या हे तिलाही सांगता आलं नसतं. "आता झाल्याच आहेत तर जेवूनच जा डॉक्टर," ती म्हणाली. कुत्रा फाटकाशी शेपूट हलवत होता. मला यातलं काहीही दिसलं नाही, कारण नव्या सायलेन्सरने माझे कान दिवसभर घुमत असायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठणठणगोपाळ. संध्याकाळी डॉक्टरला बोलावलं, तो आला, धार सुरू. तिसऱ्या सकाळी पुन्हा बंद. मिनरल मिक्श्चर सकाळ-संध्याकाळ सारखंच चाललं होतं, गुण मात्र फक्त संध्याकाळी येत होता. डॉक्टरने जाडजूड पुस्तकं वाचली, सकाळच्या वेळेचा काही वेगळा आजार असतो का ते शोधलं. बायकांमध्ये बोलणं सुरू झालं की जिजीच्या हाताचा गुण गेला आणि सटाण्याच्या डॉक्टरच्या हाताला आला. मला वाटलं जिजी त्याला फाडून खाईल. ती तर त्याला चहात जास्तीची साखर घालायला लागली. एकदा त्याने मला, "ताई, जरा बादली द्या," म्हटलं तर जिजी एकदम म्हणाली, "ताई काय म्हंतो बाळा? मंगल नाव हाय तिचं." आणि डॉक्टरही आता जरा बावरून यायला लागला होता. एका निरोगी म्हशीसाठी रोज संध्याकाळी बोलावतात, गरम भाकरी वाढतात, घरात लग्नाची मुलगी आहे. बिचाऱ्याने स्वतःच्या हिशेबाने निष्कर्ष काढला होता. तो इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागला आणि गोठ्यात शर्टाला शेण लागू नये म्हणून तिरका चालू लागला.

मग आण्णांच्या मुदतीच्या आदल्या संध्याकाळी, शनिवारी, मी लवकर घरी आले. गाडी बंद करून साखळीला तेल लावत बसले होते, कारण तो रुंद टायर अजून रुळला नव्हता. आण्णा माझ्याशेजारी उभे राहून टायरला नावं ठेवत होते. तेवढ्यात पुलावर आवाज आला. मी तेलाचा डबा खाली ठेवला, उठले आणि आण्णांच्या गाडीवरचा पाला उतरवून घ्यायला फाटकाकडे निघाले. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं की आण्णा तर मागे उभे आहेत आणि त्यांची गाडी माझी गाडी होऊन अंगणात मधोमध पडली आहे. मग हे फट-फट-फट-खुळ्ळ कोणाचं? डॉक्टर आत आला, गाडी लावली, बूट काढून गोठ्यात गेला. मी त्याच्या गाडीखाली आडवी झाले. सायलेन्सरच्या पोटात पेठच्या घाटातला तो पोचा जशाच्या तसा होता. मी त्यावरून हात फिरवला. दुसऱ्याच्या वस्तूवरून इतक्या मायेने हात फिरवताना मला कोणी बघितलं नसतं तर बरं झालं असतं, पण डॉक्टर पेटी विसरला म्हणून परत आला होता.

"काय झालं? पडलात का?" तो म्हणाला.

"हा सायलेन्सर कुठून आणला?" मी गाडीखालूनच विचारलं.

"मालेगाव स्टँडच्या मिस्त्रीकडून. माझा गोठ्यागोठ्यांतून फिरून गंजला होता. का?"

"हा आमचा आहे. म्हैस तुम्हाला दूध देत नाही. याला देते."

डॉक्टरचा चेहरा पडला. त्याचा हात, त्याचं मिनरल मिक्श्चर आणि त्याचा इस्त्रीचा शर्ट, तिन्ही गोष्टींचा एका वाक्यात निकाल लागला होता. "असं होऊ शकतं," तो हळूच म्हणाला. "पुस्तकात आहे. भांड्याच्या आवाजालासुद्धा पान्हा सोडतात." मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही मला रोज फक्त म्हशीसाठीच बोलावत होता?" मी म्हटलं, मग आणखी कशासाठी? त्यावर तो पेटीची कडी पुनःपुन्हा लावत राहिला. मलाही गाडीखालून उठायला उगीच वेळ लागला.

आमचं बोलणं आण्णांनी ऐकलं होतं. सिंहस्थात पहिलं स्नान मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी सगळ्यांना अंगणात गोळा केलं आणि परीक्षा घेतली. कोणी गोठ्यात जायचं नाही, म्हशीला हात लावायचा नाही. डॉक्टरने गाडी पुलापर्यंत नेली आणि परत आणली. आवाज वळणावर येताच कलेक्टरीणने कान टवकारले, पाय फाकवून नीट उभी राहिली आणि दुधाच्या धारा तिच्या सडांतून आपोआप खाली शेणात पडायला लागल्या. आई कधी आत गेली ते कळलंच नाही, ती ओरडली की तिने भाकरी टाकली आहे. आण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "झालं समाधान? आत्ताच्या आत्ता डॉक्टरच्या गाडीचा सायलेन्सर काढून आपल्या गाडीला लावायचा. ते तुझं नळकांडं भंगारात. आणि साडी गार्डसुद्धा परत आणायचं." पुरावा शेणात पडलेला सगळ्यांना दिसत होता. मी गाडीच्या टाकीवर हात ठेवून उभी राहिले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

जिजी पायरीवर बसली होती. मला तिच्याकडे बघवेना, कारण गाडीपेक्षा मोठी गोष्ट तिची गेली होती. इतक्या वर्षांचा हाताचा गुण एका पोचा पडलेल्या सायलेन्सरने नेला होता, आणि तोही सगळ्यांसमोर. ती उठली, गोठ्यात जाऊन म्हशीच्या कपाळावर हात फिरवून आली आणि म्हणाली, "नामा, सायलेन्सरला हात लावायचा नाय."

"आक्का, अगं आत्ता डोळ्यांनी बघितलं ना सगळ्यांनी?"

"मी पन बघितलं. म्हशीला आवाजानं पान्हा येत नाय. हा डॉक्टरचा पायगुण हाय."

"पायगुण?"

"पायगुणच. त्यो फाटकात आला की दूध येतं. मग सायलेन्सर काढून म्हैस कायमची आटली तर? तू जबाबदारी घेतो का?" दह्यावर जीव असलेल्या माणसाला असली जबाबदारी घेता येत नाही. "मंगलची गाडी हाय तशी राहू दे. डॉक्टरची गाडी हाय तशी राहू दे. आन् डॉक्टर, तुमी रोज येत चला. सकाळी चहाला, संध्याकाळी जेवायला. म्हशीच्या जिवासाठी." डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाला, "येईन की."

अशी माझी गाडी वाचली. डॉक्टर रोज सकाळ-संध्याकाळ येऊ लागला आणि घरात पुन्हा दही लागू लागलं. शेजारपाजारच्या बायकांना जिजी स्वतःच सांगायची, माझ्या हातात आता काही राहिलं नाही बाई, सगळा त्या पोराचा पायगुण. ते ऐकताना मला तिची कीव यायची. मी एकटी असताना तिला म्हणायचे, अगं जिजी, तुझ्या हातालाही थोडा गुण होताच. ती म्हणायची, जा, पाला टाक. डॉक्टर आणि मी साखळीला घासणाऱ्या त्या टायरवर एकत्र उपाय शोधायला लागलो. उपाय सापडला नाही, पण त्याला बरेच महिने लागले. तोपर्यंत माझं हँडलही जरा वर आलं होतं, कारण माझी कंबर धरली होती. ती अजून धरते. पावसाळ्याच्या आधी डॉक्टरच्या घरचे सटाण्याहून आले आणि आमचं ठरलं. आण्णांनी विचारलं, मुलाच्या काही अपेक्षा? डॉक्टर म्हणाला, सायलेन्सर माझ्याकडे राहू द्या.

हळदीच्या दिवशी जिजी गोठ्यात धार काढत होती. डॉक्टर अर्थातच तेव्हा गावाला होता, तरी कलेक्टरीण चरवी भरून दूध देत होती. हळदीने माखलेले हात घेऊन मी दारात थबकले. बाहेर कुठलीही गाडी नव्हती. मी विचारलं, हे कसं? जिजीने मान वर न करता तोंडाने बारीक आवाज काढला, फट-फट-फट-खुळ्ळ. हुबेहूब. म्हशीने कान टवकारले.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"डॉक्टर पयल्यांदा आला त्या दिशीच. पुलावर आवाज आला तवाच वळखला. इतकी वर्सं त्याच आवाजावर मी चरवी घेऊन उठते, मला कळणार नाय?"

"मग बोलली का नाहीस? सगळ्या बायका तुझ्या हाताला हसल्या."

तिने चरवी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्यानं म्हशीला हात लावायच्या आधी इचारलं, कशी हायस माय म्हणून. मी सासरी वर्सभर व्हते, मंगल. मला कोनी इचारलं नाय." आणि पुन्हा धार काढायला लागली. मी तिथेच शेणात बसून रडले, आणि माझी हळद उतरली म्हणून तीच मला रागावली.

आता जिजी नाही, कलेक्टरीणही नाही, आण्णांचा टेम्पोसुद्धा भंगारात गेला. माझा तो कडक सायलेन्सर लग्नानंतर लगेचच पोलिसांनी नेला, आणि मी एक दिवस जेवले नाही. लग्नानंतर आम्ही घर बांधलं तेही कालव्याच्या त्याच बाजूला, म्हशीच्या सोयीने. डॉक्टर निवृत्त व्हायला आले आहेत. त्यांच्या गाड्या बदलल्या, पण सध्याच्या गाडीलाही मी तोच पोचा पडलेला सायलेन्सर वेल्डिंग करून बसवून दिला आहे. दुकानातली पोरं म्हणतात, काकू, हा तर टाकाऊ आहे, नवीन लावा. मी त्यांना काही सांगत नाही. संध्याकाळी मी दुकान बंद करून घरी येते, पाय पसरून टीव्हीसमोर बसते, आणि मनाशी ठरवते की आज मी उठणार नाही, आज त्यांनी स्वतः चहा करून घ्यावा. मग पुलावर तो आवाज येतो, आणि टीव्हीत काय चाललंय ते संपायच्या आत माझ्या लक्षात येतं की मी ओट्यापाशी उभी आहे आणि दूध तापत ठेवलेलं आहे. ते आत येतात, दाराशी चप्पल काढतात आणि विचारतात, "कशी शे वं माय?"